गादी सरकली, ऑपरेशन सांगितलंय: पुण्यात योजनेतून करायचं तर पात्रता, कागद आणि अर्जाचा क्रम

मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन सुचवलं असेल, तर रेशनकार्ड शोधण्याआधी डॉक्टरांना एक विचारा: एमआरआयमध्ये जी नस दबलेली दिसते, तिचाच त्रास पायात आहे का? ऑपरेशनचा गुण या मेळावर ठरतो आणि योजनेची मंजुरी देणारेही तेच तपासतात.

फायदा मुख्यतः पायात उतरणाऱ्या कळेला होतो, नुसत्या कंबरदुखीला तितका नाही. नेदरलँड्समधला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात ६ ते १२ आठवडे सायटिका, म्हणजे नस दबल्यानं पायात उतरणारी कळ, असलेले २८३ रुग्ण होते. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना आधी थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शेवटी ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. म्हणून डॉक्टर साधारण सहा आठवडे औषधं आणि फिजिओथेरपी करायला सांगतात. माझं मत विचाराल तर तेवढ्यात कागद जमवून ठेवावेत. ऑपरेशन टळलं तरी दाखले वाया जात नाहीत.

लघवी अडली, बसायच्या जागेची संवेदना गेली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र थांबायचं नाही. थेट इमर्जन्सीत जा, कागद मागून येतील.

पहिला पर्याय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, जी आता आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पिवळं, केशरी, अंत्योदय ही कार्डं तर चालतातच, पण २०२३ च्या निर्णयानंतर शुभ्र कार्डवाल्यांनाही दार उघडलं आहे. रेशनकार्ड, रुग्णाचं आधार, एमआरआयच्या फिल्म्स आणि रिपोर्ट, आधीच्या उपचारांचे केसपेपर बरोबर घ्या. कार्डावर रुग्णाचं नाव आहे ना आणि ते आधारशी जुळतं ना, हे घरीच पाहा. बरेचसे हेलपाटे एवढ्यावरूनच होतात.

वेगळा अर्ज लिहावा लागत नाही. योजनेतल्या ससूनसारख्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, तिथे नोंदणी होते. मग रुग्णालय पूर्वपरवानगी मागवतं. आरोग्यमित्राला नेमकं विचारा: आपल्या ऑपरेशनचं पॅकेज (योजनेच्या यादीतला ठरलेला उपचार) कोणतं, ते या रुग्णालयात लागू आहे का? साधी डिस्केक्टमी (गादीचा सरकलेला भाग काढणं) आणि स्क्रू-रॉड बसवून मणके जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात इम्प्लांट लागत नाही. नुसत्या सरकलेल्या गादीसाठी दुसरी सुचवली असेल, तर कारण समजून घ्या आणि दुसरं मत घ्याच. आणखी एक, योजना रोकडविरहित आहे. आधी पैसे भरून नंतर बिलं दाखवू, या भरवशावर राहू नका.

योजनेत बसलं नाही तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टनं चालवलेली, रुग्णालयं आहेत, आणि पुण्यात ती पुष्कळ आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ ‘कक’ खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. इथे कळीचा कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो, पण हातात यायला दिवस लागतात. सोबत रेशनकार्ड आणि आधार. हे सगळं भरती होतानाच रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे द्या. डिस्चार्जच्या दिवशी, बिल तयार झाल्यावर सवलत मागितली तर वाद होतो. इमर्जन्सीत ही रुग्णालयं अनामत रकमेसाठी रुग्णाला अडवू शकत नाहीत.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स मागून घ्या. काही जणांची गादी त्याच जागी पुन्हा सरकते, तेव्हा पुढच्या डॉक्टरला आधी नेमकं काय काढलं हे कळावं लागतं. फुले योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही धरलेला आहे. पैसे मागितले गेले तर १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयाबद्दलची तक्रार पुण्याच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.