न संपणारी आणि संपणारी ऊर्जा : महाराष्ट्राचा वीजपुरवठा

ऊन, वारा, वाहते पाणी, उसाचे चिपाड, शेण ही निसर्गात पुन्हा पुन्हा भरून येणारी ऊर्जासाधने. त्यांना नवीकरणीय किंवा अक्षय ऊर्जा म्हणतात. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम एकदा वापरले की संपतात. बोलताना आपण पहिल्या गटाला सर्रास ‘अपारंपरिक’ म्हणतो. नाव जरा उलटेच आहे, कारण शेणी आणि शिडे कोळशाच्या कितीतरी आधीची. केंद्र सरकारनेही १९९२ मध्ये स्थापलेल्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाचे नाव २००६ मध्ये बदलून ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा’ असे केले.

विकसनशील प्रदेशात या दोन गटांची तुलना फक्त धूर आणि दर यांवर होत नाही. वीज किती मिळते याइतकेच ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात मिळते, हेही महत्त्वाचे ठरते. हे सगळे स्रोत एकाच राज्यात वापरात असल्याने महाराष्ट्र त्याचे चांगले उदाहरण आहे.

मुंबईच्या मोठ्या वीजपुरवठ्याची सुरुवात कोळशाने नव्हे, पाण्याने झाली. घाटमाथ्यावर धरणे बांधून पाणी कोकणात सोडायचे आणि त्यावर गिरण्या चालवायच्या, ही टाटांची योजना. त्यातून खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. मात्र मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. ‘स्वच्छ’ विजेसाठी जमीन कोणाची जाते, हा प्रश्न आज सौर प्रकल्पांच्या निमित्ताने विचारला जातो. तो शंभर वर्षे जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर कोयना जलविद्युत योजना आली. तिची क्षमता १,९५० मेगावॅटच्या वर आहे. धरणात सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. पण कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच वळवता येते. वळवलेले पाणी पोफळीच्या बाजूने कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळते, म्हणजे पूर्वेकडची शेती त्याला मुकते. त्यामुळे कोयनेचे पाणी जपून, विशेषतः संध्याकाळची मागणी चढते तेव्हा, वापरले जाते. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू-बंद होते. ही सोय ना कोळशाकडे आहे, ना उन्हाकडे.

राज्याची रोजची गरज मात्र मुख्यतः कोळसाच भागवतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिकजवळचे एकलहरे ही इतर नावे घरोघरी ठाऊक आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते आणि एका युनिटला ६०० ते ७५० ग्रॅम कोळसा लागतो. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की विदर्भात कुठेतरी पाव किलो राख तयार होते. ती विजेच्या बिलावर दिसत नाही. चंद्रपूरकरांच्या गच्चीवर दिसते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तिच्या वरच्या क्रमांकांत चंद्रपूर होते. विटा आणि सिमेंटमध्ये बरीच राख जिरते, तरी राखेचे तलाव उरतातच.

कोळशाला पाणीही लागते, याचा सहसा विसर पडतो. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र कोळसा असूनही पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पावसाळ्यात उलटी अडचण येते : खाणीत पाणी शिरते, ओला कोळसा नीट जळत नाही आणि निर्मिती घटते. ‘चोवीस तास हमखास’ ही औष्णिक विजेची ख्याती मराठवाड्यात आणि आषाढात तितकी खरी ठरत नाही.

वायू आणि अणुऊर्जा यांचा वाटा लहान आहे. तारापूरचे केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथे धूर नाही, पण इंधन संपणारेच. दाभोळचा प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थ्यावर (खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव इंधनावर) सुरू झाला. विजेचा दर आणि थकबाकी यांवरून वाद विकोपाला जाऊन तो २००१ मध्ये बंद पडला. आयात इंधनावर आणि डॉलरमधल्या हिशोबावर वीज बांधून घेतली की काय होते, याचा तो राज्याला पडलेला महागडा धडा.

अक्षय स्रोतांत वाऱ्याचा मान आधी. साताऱ्यातील वनकुसवडेच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पुढे धुळ्यात ब्राह्मणवेल परिसरात. वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका कोळसा ओला असतो आणि ऊन झाकलेले असते तेव्हा. अडचण एवढीच, की पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात आणि विजेची मागणीच कमी असते. साखर कारखान्यांची चिपाडावरची सहवीज (कारखाना चालवतानाच तयार होणारी वीज) गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मिळते. ऊस कमी पिकला की तीही कमी.

आता उन्हाचे. राजस्थानातील भादला येथे २०१७ च्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला २.४४ रुपयांपर्यंत उतरला आणि ‘अपारंपरिक म्हणजे महाग’ हा समज मोडला. तरी मेगावॅटच्या आकड्यांनी फसू नये. एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला १६-१७ लाख युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच सत्तर टक्के भाराने चालला तर साठ लाखांच्या वर. २०२५ च्या मध्यावर भारताच्या एकूण वीजक्षमतेतील निम्मा वाटा जीवाश्मेतर, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर, स्रोतांचा झाला. तो आकडा क्षमतेचा आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा त्याहून कितीतरी मोठा राहिला आहे.

महाराष्ट्रात सौर विजेचा सर्वांत मोठा उपयोग शहरांतल्या गच्च्यांवर नव्हे, शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर, आहे. राज्यात शेतीपंपांचे ग्राहक चाळीस लाखांहून अधिक आहेत. भारनियमनाच्या काळापासून त्यांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळत आली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, सुमारे आठ तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला जायचे. साप, विंचू, जुन्नरच्या बाजूला बिबट्या. कधी निम्म्या रात्री डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळतो आणि फेरी फुकट जाते. औष्णिक केंद्रांच्या सोयीने बेतलेले वेळापत्रक शेतकऱ्याच्या झोपेवर चालले होते, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

२०१७ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात राळेगणसिद्धीपासून झाली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट कृषी फीडरला द्यायची, अशी ही रचना. पिकाला पाणी दिवसाच द्यायचे असल्याने साठवणीचा प्रश्न इथे फारसा येत नाही, आणि वीज जवळच तयार होऊन जवळच वापरली जात असल्याने तारांतली गळतीही घटते. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खासगी पडीक जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. गायरानावर प्रकल्प आला की मात्र चराईचे काय, हा प्रश्न गावोगावी निघतो, आणि त्याचे उत्तर या भाड्यात नाही.

स्वतंत्र सौर पंपाचा मार्ग वेगळा. असा पंप दिला की शेतकरी फीडरच्या वेळापत्रकातून सुटतो. पण उन्हावर फुकट चालणाऱ्या मोटरला कोणी आवरत नाही आणि भूजल खाली जाते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजही मोफत झाली, त्यामुळे उपशाला आळा घालणारे बिल दोन्हीकडे उरलेले नाही.

सूर्य मावळला की खरी कसोटी लागते. संध्याकाळी सहा ते दहा घराघरांत दिवे, मिक्सर, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे एकदम चालू होतात आणि सौर वीज शून्यावर येते. कोळशाचे संच दुपारी पुरते बंद करून संध्याकाळी लगेच पेटवता येत नाहीत. ते साधारण ५५ टक्के भारापर्यंतच उतरवता येतात, आणि वारंवार चढ-उतार केल्याने बॉयलर झिजतात. म्हणून दुपारची जादा वीज साठवण्याचा शोध सुरू आहे. बॅटऱ्या हा एक उपाय. दुसरा सह्याद्रीच्या उतारातच आहे. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरच्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. वीज मुबलक असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि टंचाईच्या वेळी तेच खाली सोडायचे. पाणी चढवायला शंभर युनिट खर्चले, तर परत मिळतात ते ७५ ते ८०.