थर्मिक फ्लुइड निवडण्याचे निकष आले कुठून?

इचलकरंजी किंवा भिवंडीच्या प्रोसेस हाऊसमध्ये पॉलिस्टर कापड स्टेंटरवर, म्हणजे ते ताणून गरम हवेत धरणाऱ्या यंत्रावर, चढतं, तेव्हा आतली हवा 180 ते 210 अंश सेल्सिअस लागते. ती तापवणारं तेल त्याहून गरम, साधारण 240-250 अंशांचं असतं. हेच तापमान वाफेवर काढायचं तर बॉयलरमध्ये 40 बारच्या आसपास दाब धरावा लागेल आणि 300 अंशांसाठी 85 बारच्या पुढे जावं लागेल. तेलाला पंपाने फिरवण्यापुरता दाब पुरतो. थर्मिक फ्लुइडचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या अशा द्रव्यांचा, सगळा इतिहास या एका सोयीपासून सुरू होतो.

पहिले प्रयोग मात्र तेलावरच झाले असं नाही. जनरल इलेक्ट्रिकमधले विल्यम एमेट यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारं टर्बाइन उभं केलं आणि 1920च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात त्यावर वीजही काढली. पारा 357 अंशांना उकळतो, तापून त्याचं विघटन होत नाही. पण तो महाग, जड आणि विषारी. खनिज तेल स्वस्त होतं, मात्र 300 अंशांच्या पुढे त्याचे रेणू झपाट्याने तुटायला लागतात.

मधला मार्ग मिशिगनमधल्या मिडलंडला सापडला. डाऊ कंपनी क्लोरोबेंझिनपासून फिनॉल बनवत असे आणि त्यात डायफिनाइल ऑक्साइड हे उपउत्पादन निघे. एकटं डायफिनाइल ऑक्साइड 27 अंशांना गोठतं, बायफिनाइल 69 अंशांना. पण 73.5 टक्के पहिलं आणि 26.5 टक्के दुसरं असं मिश्रण केलं की ते 12 अंशांपर्यंत द्रव राहतं, 257 अंशांना उकळतं आणि 400 अंशांपर्यंत टिकतं. हेच डाऊथर्म ए. 1930च्या दशकापासून आजवर त्याचं प्रमाण बदललेलं नाही; राजस्थानातल्या नोख इथल्या 50 मेगावॉटच्या सौरऔष्णिक प्रकल्पातही याच जातीचं द्रव्य फिरतं. त्याला जिरॅनियमसारखा उग्र वास येतो, त्यामुळे फ्लँजमधली, म्हणजे पाइपांच्या जोडातली, बारीक गळतीही डोळ्यांआधी नाकाला कळते.

पण तेही जळतं. तापलेलं तेल फुटलेल्या गास्केटमधून बर्नरवर उडालं की आग ठरलेलीच. म्हणून न जळणाऱ्या द्रव्याचा शोध सुरू झाला आणि पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, हे उत्तर आदर्श वाटलं. 1929 मध्ये अलाबामातल्या अ‍ॅनिस्टन इथे त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि 1935 मध्ये ते मोन्सँटोकडे गेलं. सहजी पेट घेत नाही, आम्लाला दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. त्या काळच्या अभियंत्याच्या यादीतल्या सगळ्या रकान्यांत त्याला पूर्ण गुण मिळत होते. हे द्रव्य शरीरात गेलं तर काय होईल, असा रकानाच त्या यादीत नव्हता.

तो रकाना जपानने भरला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. क्यूशू बेटावरच्या किताक्यूशू शहरात कानेमी कंपनी तांदळाच्या कोंड्याचं खाद्यतेल बनवत असे. तेलाचा वास काढण्यासाठी ते निर्वातात 200 अंशांच्या वर तापवावं लागतं. त्यासाठी टाकीत स्टीलची कॉइल, म्हणजे वेटोळी नळी, होती आणि कॉइलमधून कानेक्लोर 400 नावाचं पीसीबी फिरत होतं. 1968च्या सुरुवातीला ते कॉइलमधून खाद्यतेलात उतरलं. कॉइलला गंजून छिद्रं पडली, की वेल्डिंगच्या कामात भोक पडलं, यावर पुढे दोन मतं झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम जपानमध्ये सुमारे 4 लाख कोंबड्या मेल्या, कारण त्यांच्या खाद्यात याच कारखान्यातलं उपउत्पादन मिसळलं होतं. इशारा तिथेच मिळाला होता. तरी माणसांच्या ताटातलं तेल थांबलं नाही. ऑक्टोबरमध्ये बातमी फुटली तेव्हा लोकांच्या अंगावर काळे फोड उठले होते, डोळ्यांतून चिकट स्राव येत होता आणि काही बाळं काळवंडलेल्या त्वचेची जन्मली होती. 14,000हून अधिक लोकांनी त्रास झाल्याचं कळवलं. या आजाराला युशो म्हणतात.

नंतरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या तेलात नुसतं पीसीबी नव्हतं. सतत तापत राहिल्याने त्यातून डायबेन्झोफ्युरान तयार झाले होते आणि ते मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी होते. ड्रममधून ओतलेलं आणि वापरात फिरणारं ही दोन वेगळी द्रव्यं असतात, हे त्यातून ठसठशीतपणे दिसलं. 1972 मध्ये मोन्सँटोने उष्णतावहनासाठी पीसीबी विकणं थांबवलं. तरीही 1979 मध्ये तैवानमध्ये कोंड्याच्या तेलातूनच तसाच प्रकार पुन्हा घडला. खाद्यतेलाच्या अनेक रिफायनऱ्या पुढे वास काढण्याच्या टप्प्यासाठी उच्च दाबाच्या वाफेकडे परतल्या.

भारतात हे तंत्र रुजलं त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. 1966 मध्ये बेल्जियमच्या वॅन्सनच्या सहकार्याने वॅन्सन इंडिया सुरू झाली आणि 1980 मध्ये तिचं नाव थरमॅक्स झालं. तिचा थर्मोपॅक हा तेलाचा हीटर इतका पसरला की एमआयडीसीत कुठल्याही कंपनीच्या हीटरला थर्मोपॅकच म्हणतात. कायद्याचाही हातभार लागला. 1923च्या बॉयलर कायद्यात बॉयलर म्हणजे वाफ बनवणारं पात्र. तेलाच्या हीटरला ती व्याख्या लागू नव्हती, त्यामुळे बॉयलर निरीक्षकाची तपासणी नाही आणि परवानाधारक अटेंडंटही नको. छोट्या कारखानदाराला हे सोयीचं पडलं, पण तेलाची काळजी घ्यायची जबाबदारी त्यामुळे पूर्णपणे त्याच्यावर आली. पुढे काही राज्यांच्या कारखाना नियमांत कॉइलची दाब-चाचणी आणि तेलाची ठरावीक मुदतीने तपासणी आली.

त्या तपासणीत काय पाहतात, यामागेही अनुभवच आहे. तेल दोन वाटांनी बिघडतं. कॉइलच्या भिंतीलगतचा पातळ थर मुख्य प्रवाहापेक्षा बराच जास्त तापतो, तिथे रेणू तुटतात. हलके तुकडे फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान, खाली आणतात; जड तुकडे कोक, म्हणजे कोळशासारखा कडक थर, होऊन भिंतीला चिकटतात. कोकमुळे उष्णता अडते, म्हणून भट्टी वाढवली जाते आणि शेवटी कॉइलच जळते. दुसरी वाट एक्स्पान्शन टँकमधली, म्हणजे तापून फुगलेलं तेल सामावणाऱ्या टाकीतली. तिथे गरम तेलाला हवा लागली की आम्लांक, म्हणजे तेलातलं आम्लाचं प्रमाण, चढतो, कढईत पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलासारखं ते काळं आणि दाट होतं. म्हणून टाकी थंड ठेवायची, शक्य तिथे वर नायट्रोजन भरायचा. आणि वीज गेली की बर्नर तर बंद करायचाच, पण भट्टीत धग असेपर्यंत तेल फिरतं ठेवायचं, कारण थांबलेलं तेल काही मिनिटांत करपतं. लाकूड किंवा कोळशावरच्या हीटरमध्ये हे विशेष सांभाळावं लागतं. लॅगिंगमध्ये, म्हणजे पाइपांवरच्या उष्णतारोधक आवरणात, झिरपलेलं तेल तर आतल्या आत हवा धरून, त्याच्या नेहमीच्या स्वयंज्वलन तापमानाच्या कितीतरी खालीच पेटू शकतं. महिनोन्‌महिने नुसता टॉप-अप करत राहणाऱ्या प्लांटने आधी तेल जातंय कुठे ते शोधावं.

पीसीबी गेल्यावर 345 अंशांपर्यंतच्या कामात हायड्रोजनेटेड टर्फिनाइलने जम बसवला. थर्मिनॉल 66 हे त्याचं सर्वांत परिचित नाव. ते टिकाऊ आहे आणि त्यात क्लोरीन नाही. जून 2018 मध्ये युरोपीय महासंघाने याच रसायनाला अतिचिंताजनक पदार्थांच्या उमेदवार यादीत घातलं. ते निसर्गात फार काळ विघटन न होता राहतं आणि सजीवांच्या शरीरात साठत जातं, हे त्यामागचं कारण.