कार लोनमध्ये पत्नीला सहकर्जदार करताना: पात्रता, कागदपत्रं आणि सिबिल

घरातली सगळी कर्जं नवऱ्याच्या नावावर असली की वीस वर्षं घरखर्च चोख सांभाळणाऱ्या बाईच्या सिबिल रिपोर्टवर (सिबिल म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) आकड्याच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे 1 येतं, म्हणजे नोंदच नाही. पुढे तिला स्वतःच्या व्यवसायासाठी कर्ज हवं असेल, तर दाखवायला काहीच नसतं. गाडी कर्जावर घेणारच असाल, तर तिचं नाव कर्जात घालून तिची नोंद सुरू करता येते. पती-पत्नींनी भूमिका बदलल्या तरी प्रक्रिया हीच.

हे काम अर्ज भरतानाच करावं लागतं. चालू कर्जात मधूनच नाव घालायला बँका सहसा तयार होत नाहीत. मग जुनं कर्ज फेडून नवं घ्यायचं आणि लागू असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्कही सोसायचं. शोरूममधला फायनान्सवाला घाईत एकट्याच्या नावाचा फॉर्म भरून मोकळा होतो. त्याला कोटेशन घेतानाच ‘सहकर्जदार’ हा शब्द वापरून सांगा. जामीनदार म्हणून सही करू नका: कर्ज थकलं तर जबाबदारी तेवढीच येते, पण ते कर्ज तिचं म्हणून नोंदलं जात नाही.

बऱ्याच बँकांत किमान वय 21 लागतं. पत्नी कमावती असेल तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. उत्पन्न नसलं तरी अनेक बँका पत्नीला सहकर्जदार म्हणून घेतात, मात्र नियम बँकेगणिक वेगळे असल्याने शाखेत आधी विचारा. सिबिल दोघांचंही तपासलं जातं.

दोघांचं पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. कमावत्याच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16 किंवा आयकर विवरणपत्रं आणि गाडीचं कोटेशन, एवढं साधारण लागतं. आपल्याकडे अर्ज अडतो तो नावावर. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या, बँक खात्यात तिसरंच स्पेलिंग. सिबिलची नोंद पॅनवरून जुळवली जाते, त्यामुळे अर्जाआधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लावून नावं सारखी करून घ्या. लग्नाची नोंदच केलेली नसेल तर गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे ती आधी करा. फॉर्मवर मोबाइल नंबर तिचा स्वतःचा द्या. रिपोर्ट पाहायचा ओटीपी त्यावरच येतो.

कर्जात नाव आलं म्हणजे गाडी नावावर झाली, असं नाही. आरसीवर मालक एकच असतो आणि कर्ज फिटेपर्यंत बँकेचा बोजा. हप्ते तिच्या पगारातून जाणार असतील तर आरसी तिच्या नावावर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं ठरलं, तर तीच मुख्य अर्जदार हवी का, हे बँकेला विचारून घ्या.

सही करण्याआधी तिला हे नीट समजलेलं असावं, की संपूर्ण कर्जाला तीही जबाबदार आहे. हप्ता चुकला तर दोघांच्या रिपोर्टवर डाग पडतो. घटस्फोट झाला तरी बँकेशी केलेला करार सुटत नाही. उद्या ती गृहकर्ज घ्यायला गेली, तर हा हप्ताही तिच्या देण्यांत मोजला जाऊ शकतो. नवऱ्याचे हप्ते याआधी वारंवार थकलेले असतील, तर या कर्जात तिचं नाव घालू नये. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड तिच्यासाठी जास्त सुरक्षित.

कर्ज सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. त्यात ‘ऑटो लोन’ आणि मालकीच्या रकान्यात ‘जॉइंट’ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

शेवटचा हप्ता गेला की बँकेची एनओसी घ्या, फॉर्म 35 भरून आरटीओतून बोजा उतरवा आणि दोघांच्याही रिपोर्टवर कर्ज ‘बंद’ दिसतंय का, ते पाहा.