धूम्रपान सोडवणाऱ्या गोळ्या, मनावरचे दुष्परिणाम आणि दाद मागण्याचा मार्ग : पार्श्वभूमी

नागपुरात औषधाच्या दुकानात आठवडाभराच्या गोळ्या मागितल्या, तर दुकानदार कात्रीने पत्ता कापून देतो. बॅच क्रमांक छापलेले टोक बहुतेकदा दुकानातच राहते आणि खोक्यातले घडीचे माहितीपत्रकही तिथेच पडून राहते. धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांवरून जो दीर्घ वाद झाला, तो मुळात याच पत्रकातल्या इशाऱ्याचा वाद होता.

नैराश्यावरचे बुप्रोपिऑन हे औषध अमेरिकेत १९९७ साली धूम्रपान सोडण्यासाठीही मंजूर झाले. मे २००६ मध्ये तिथे फायझर कंपनीच्या व्हरेनिक्लिनला मंजुरी मिळाली. मेंदूत निकोटीन जिथे बसते तिथेच हे औषध बसते, अर्धवट उत्तेजना देऊन तलफ कमी करते आणि नंतर ओढलेल्या सिगारेटची मजा घालवते. मात्र मंजुरीपूर्व चाचण्यांतून मानसिक आजार असलेल्यांना वगळलेले होते. माझ्या मते पुढच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे, कारण ज्यांना धोका अधिक असण्याची शंका होती, त्यांच्याबद्दलच माहिती नव्हती.

२००७ पासून आक्रमकपणा, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी वाढू लागल्या. १ जुलै २००९ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही औषधांवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापण्याचा आदेश दिला. दरम्यान हजारो दावे अलाबामातील संघीय न्यायालयात एकत्र आले. धोका ठाऊक असूनही कंपनीने पुरेसा आणि वेळेवर इशारा दिला नाही, हा त्यांतला मुख्य आरोप होता. २०१३ मध्ये बहुतेक दावे मिटवण्यासाठी कंपनीने सुमारे २७ कोटी ३० लाख डॉलरची तरतूद केल्याचे समोर आले.

२०१६ मध्ये १६ देशांतील ८,१४४ धूम्रपान करणाऱ्यांवरच्या 'ईगल्स' चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांतील निम्म्या लोकांना मानसिक आजाराचा इतिहास होता. या गटात गंभीर मानसिक त्रास व्हरेनिक्लिन घेणाऱ्या ६.५ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ४.९ टक्के लोकांना झाला आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. त्यामुळे डिसेंबर २०१६ मध्ये चौकट काढली गेली, मात्र मनःस्थितीतील बदलांबाबतची सूचना पत्रकात कायम राहिली. सरासरी निर्धोक ठरली म्हणून एखाद्या घरात घडलेला प्रसंग खोटा ठरत नाही, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

विदर्भात तंबाखू म्हणजे प्रामुख्याने खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे चघळायचे मिश्रण. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. 'ईगल्स'चे आकडे मात्र धूम्रपान करणाऱ्यांचेच आहेत.

आपल्याकडे दाद मागण्याची वाट ग्राहक कायद्यातून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली आली, आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने सदोष उत्पादनाबद्दलचे दायित्व स्वतंत्र प्रकरणात मांडले. कलम ८४ नुसार पुरेसा इशारा न देणे हाही उत्पादकाचा दोष ठरतो. परंतु तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायच्या वस्तूबाबत त्या तज्ज्ञाला वाजवी प्रकारे इशारा दिला असेल, तर कलम ८७ उत्पादकाला मोकळे करते. मग प्रश्न उरतो तो डॉक्टरांनी रुग्णाला काय सांगितले याचा. नागपूरचा रहिवासी आपल्याच जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो.

पुरावा मात्र अवघड असतो, कारण तंबाखू सोडल्यावरची चिडचिड, झोपमोड आणि उदासी औषधाविनाही येते. म्हणून चिठ्ठी, बॅच क्रमांकासह बिल, रिकामा पत्ता आणि कोणत्या तारखेपासून वागणे बदलले याची घरच्यांनी केलेली टिपणे जपून ठेवावीत. आत्महत्येचे विचार आल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावरही बोलता येते. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ वर रुग्णाला किंवा नातेवाइकाला स्वतः करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही.