शनिवारची अर्धी सुट्टी आणि पहिली फुटबॉल लीग

१८८८-८९ चा इंग्लिश फुटबॉल लीगचा पहिला हंगाम म्हटलं की लँकेशायरमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचं नाव निघतं. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. पण त्या हंगामाची गोष्ट मैदानावर सुरू होत नाही. ती सुरू होते कापड गिरणीत.

१८५० च्या कारखाना कायद्याने इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला बंदी आली. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटले. कापड गिरण्यांच्या लँकेशायर परगण्यात, इंग्लंडच्या वायव्येला, गावागावांत हजारो माणसांना एकाच वेळी मोकळी दुपार मिळाली आणि हातात थोडे पैसेही होते. ही माणसं तिकीट काढून फुटबॉल बघू लागली. (आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठीशी उभं राहून झगडावं लागलं आणि ती मिळाली १८९० मध्ये. प्रेस्टनने दुसऱ्यांदा लीग जिंकली, तेच हे वर्ष.)

प्रेक्षक वाढले, तिकिटाचे पैसे येऊ लागले, तसे क्लब चांगल्या खेळाडूंच्या शोधात स्कॉटलंडला पोचले. तिथले खेळाडू एकमेकांना पास देत चाल रचायचे, तर इंग्लंडमध्ये चेंडू पायाशी ठेवून एकट्यानेच धावत सुटायची जुनी खोड होती. खेळण्याचे पैसे देणं मात्र नियमाबाहेर होतं. मग खेळाडूला गिरणीत नोकरी दाखवायची आणि पाकीट गुपचूप द्यायचं, अशी रीत पडली. प्रेस्टनचा सर्वेसर्वा विल्यम सडेल स्वतः गिरणीचा व्यवस्थापक, त्यामुळे त्याला हे सोपं होतं. जानेवारी १८८४ मध्ये एफए कपात, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) बाद पद्धतीच्या स्पर्धेत, लंडनच्या अप्टन पार्क क्लबने तक्रार केली. सडेलने ती नाकारली नाही. आम्ही पैसे देतो आणि इतरही देतात, असं त्याने सरळ सांगितलं. प्रेस्टन स्पर्धेतून बाद झालं, पण झाकली मूठ उघडली. उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढायची धमकी दिली आणि जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनला पगारी खेळाडू मान्य करावे लागले. माझ्या मते इंग्लिश फुटबॉलमधलं सर्वांत मोठं वळण हेच. ज्याला शनिवारची मजुरी बुडवून खेळायला जाणं परवडत नव्हतं, त्याच्यासाठी हा खेळ त्या दिवशी खुला झाला.

आता पगार दर आठवड्याला देणं आलं, पण सामन्यांचा भरवसा नव्हता. कपाची फेरी लागली की ठरलेला मैत्रीपूर्ण सामना रद्द, आणि लोक मैदानापर्यंत येऊन परत जायचे. या गोंधळाला कंटाळून बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहिलं. मॅकग्रेगर मूळचे स्कॉटलंडचे, तिथेच त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचा प्रस्ताव असा: दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र येऊन दर हंगामात एकमेकांशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळायचं ठरवून टाकावं. २३ मार्चला लंडनमध्ये आणि १७ एप्रिलला मँचेस्टरमध्ये बैठका झाल्या आणि बारा क्लब ठरले. सहा लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे, म्हणजे मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नाही.

८ सप्टेंबर १८८८ ला खेळ सुरू झाला, तेव्हा गुण कसे मोजायचे हेदेखील ठरलेलं नव्हतं. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हा नियम नोव्हेंबरमध्ये झाला. गोलला जाळी नव्हती, पेनल्टी नव्हती. लीगमधला पहिला गोल म्हणून व्हिलाच्या गर्शम कॉक्सच्या स्वयंगोलचं नाव वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. नंतर जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून सामने नेमके किती वाजता सुरू झाले ते तपासलं, तेव्हा मान बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टकडे गेला. त्याने ३ वाजून ४७ मिनिटांनी डर्बीविरुद्ध गोल केला होता. तो सामना बोल्टन ६-३ असा हरलं.

प्रेस्टनने त्याच दिवशी डीपडेल मैदानावर बर्नलीला ५-२ ने हरवलं आणि मग मागे वळून पाहिलं नाही. जॉन गुडॉल आणि जिमी रॉस यांनी गोलांची रास ओतली. जानेवारीच्या सुरुवातीलाच विजेतेपद नक्की झालं. संघाने ७४ गोल केले, १५ खाल्ले. ४० गुण झाले, दुसऱ्या क्रमांकावरच्या व्हिलाचे २९. मार्चअखेर लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर वुल्व्ह्ज संघाला ३-० ने नमवून एफए कपही घेतला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत पुन्हा कुणी अपराजित राहायला २००३-०४ चा आर्सेनल संघ यावा लागला.

१८९० नंतर प्रेस्टनला लीग कधीच जिंकता आली नाही. १८९५ मध्ये सडेल गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीत दोषी ठरला, तीन वर्षं तुरुंगात गेला आणि सुटल्यावर दक्षिण आफ्रिकेत निघून गेला. क्लब मात्र आजही डीपडेललाच खेळतो.