जंगलाच्या हवेतील सेंद्रिय कण किती घट्ट टिकतात?

उन्हाळ्याच्या दुपारी पाइनच्या जंगलात राळेसारखा जो वास दरवळतो, तो मुख्यतः मोनोटर्पीन गटातील संयुगांचा असतो. त्यांपैकी अल्फा-पायनीन इतके बाष्पनशील आहे की २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत त्याची सुमारे ३० ग्रॅम वाफ मावू शकते. जंगलात मात्र ते घनमीटरमागे काही मायक्रोग्रॅमच असते, त्यामुळे त्याने आपणहून घनरूप किंवा द्रवरूप होण्याचे काहीच कारण नसते. तरीही जंगलावर निळसर धुके दिसते, आणि ते झाडांनी सोडलेल्या वाफांपासूनच बनते असे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये सुचवले होते.

ही किमया ऑक्सिजनची आहे. ओझोन किंवा हायड्रॉक्सिल मूलक अल्फा-पायनीनच्या दुहेरी बंधावर हल्ला करतो आणि त्या रेणूला ऑक्सिजनयुक्त गट जोडले जातात. एकच हायड्रॉक्सिल गट वाढला तरी बाष्पदाब साधारण शंभरपटीहून अधिक घटतो आणि आम्लगट वाढला तर त्याहूनही कितीतरी जास्त. काही रेणू तर स्वतःच्याच हायड्रोजन अणूंची आतल्या आत अदलाबदल करत काही सेकंदांत ऑक्सिजनचे अनेक अणू सामावून घेतात. मिकाएल एन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, असे रेणू जवळजवळ कायमचेच कणांना चिकटतात आणि नवजात कणांच्या वाढीला हातभार लावतात. कण वाढून ५० ते १०० नॅनोमीटरचे झाले, की त्यांच्यावर ढगांचे थेंब बनू शकतात. म्हणून कणातले द्रव्य किती घट्ट टिकते, हे कळणे महत्त्वाचे ठरते.

त्यासाठी ‘संपृक्त संहती’, म्हणजे एक घनमीटर हवेत त्या संयुगाची जास्तीत जास्त किती वाफ मावू शकते, हे माप वापरतात. हवेत सेंद्रिय कणद्रव्य घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅम असेल आणि एखाद्या संयुगाची संपृक्त संहतीही २ मायक्रोग्रॅम असेल, तर समतोल साधल्यावर त्या संयुगाचा निम्मा भाग कणात आणि निम्मा वायूत असतो. जंगलातील हजारो संयुगांच्या संपृक्त संहतींमध्ये अब्जावधी पटींचा फरक पडत असल्याने, दर दहापटीला एक कप्पा करून त्यांची विभागणी करण्याची रीत डोनह्यू, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली.

मोजण्याची सर्वांत जुनी युक्ती सरळ आहे. विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने ठरावीक आकाराचे, समजा १०० नॅनोमीटर व्यासाचे, कण निवडायचे, ते तापवलेल्या नळीतून न्यायचे, सुटलेली वाफ सक्रिय कोळशात शोषून घ्यायची आणि व्यास पुन्हा मोजायचा. व्यास ८० नॅनोमीटर झाला तर आकारमानाचा जवळपास निम्मा भाग उडून गेलेला असतो, कारण आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. अडचण अशी, की कण नळीत थोडीच सेकंदे राहतो आणि एवढ्या अवधीत समतोल बहुधा साधला जात नाही. शिवाय बाष्पीभवनाची उष्णता आणि पृष्ठभागावर आदळलेल्या वाफेच्या रेणूंपैकी किती चिकटतात याचा अंदाज आधी गृहीत धरावा लागतो, आणि ती गृहीतके बदलली तर उत्तर दहापटीने किंवा त्याहूनही अधिक सरकू शकते.

दुसऱ्या पद्धतीत कण टेफ्लॉनच्या गाळणीवर साठवतात आणि त्यांच्यावरून हळूहळू तापत जाणारा नायट्रोजन सोडतात. कोणता रेणू कोणत्या तापमानाला सर्वाधिक सुटतो, हे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणारे उपकरण) सांगतो, आणि ज्यांचा बाष्पदाब माहीत आहे अशा पॉलिएथिलीन ग्लायकॉलांवर उपकरणाचे अंशांकन करतात. रेणूनिहाय माहिती मिळत असल्याने ही पद्धत अतिशय मोलाची आहे. पण मोठे जोडरेणू तापमानाने तुटतात, आणि त्यांचे तुकडे लहान, हलके रेणू असूनही फार उच्च तापमानाला बाहेर पडतात. तो खरा लहान रेणू आहे की तुटलेला भाग, हे ओळखणे कठीण जाते.

म्हणून मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती धिमी पद्धत: कण न तापवता, स्वच्छ हवेत, स्थिर तापमानाला तासन्‌तास ठेवून त्यांचे आकुंचन मोजत राहणे. तिच्यामुळेच एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. अल्फा-पायनीनपासून प्रयोगशाळेत बनवलेले कण संपृक्त संहतीच्या हिशेबापेक्षा फारच सावकाश उडतात. याच्या जोडीला, फिनलंडमधील ह्युतिआला केंद्राच्या पाइनच्या जंगलातील कण मापकाच्या पट्टीवर आदळून उसळतात, म्हणजे ते द्रवापेक्षा काचेसारखे घन असतात, असे विर्तानेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले. घट्ट कणाच्या आतला रेणू बाष्पनशील असला तरी तो पृष्ठभागापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो.

इथे आर्द्रता उपयोगी पडते. पाण्याचे रेणू कणात शिरून त्याचा चिकटपणा कमी करतात, त्यामुळे तोच कण कोरड्या हवेपेक्षा दमट हवेत लवकर आकसतो. दोन्ही स्थितींतील आकुंचनाच्या वक्रांमधील अंतर कणाच्या चिकटपणाविषयी सांगते, तर दमट हवेत अनेक तासांनंतरही जो भाग उरतो, तो कमी बाष्पनशील संयुगांचा असतो.