एका कड्याची गोष्ट: सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनच्या देखभालीची पार्श्वभूमी

जुनी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन (दर वेळी चाप ओढल्यावर एक बार उडवून पुढचे काडतूस आपोआप भरणारी छर्‍यांची बंदूक) दुरुस्तीला आली की जाणकार कारागीर आधी पुढची लाकडी मूठ उतरवून मॅगझिनची, म्हणजे काडतुसे साठवणारी, नळी पाहतो. नळीभोवती एक जाड स्प्रिंग असते, तिच्या तोंडाशी कांस्याचे चिरलेले कडे आणि सोबत एका बाजूने उतार दिलेली पोलादी रिंग असते. या बंदुकीच्या देखभालीचा इतिहास त्या दोन चकत्यांपासून सुरू होतो.

अमेरिकेतील युटा राज्यातल्या ऑग्डेनचे जॉन ब्राउनिंग यांनी या बंदुकीचे पेटंट १९०० मध्ये मिळवले. विंचेस्टर कंपनीशी त्यांचे रॉयल्टीवरून फाटले, तर रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीच्या अध्यक्षांचे जानेवारी १९०२ मध्ये, ब्राउनिंग भेटीसाठी ताटकळत असतानाच, निधन झाले. अखेर बेल्जियममधील एफएन कारखान्याने ती बंदूक बनवली आणि ‘ऑटो-५’ या नावाने ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. बार उडाला की छर्रे जिच्यातून सुटतात ती मुख्य नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट एकत्रच मागे येतात, नळी आधी पुढे परतते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे वर चढते. मागे येणाऱ्या नळीचा वेग आवरण्याचे काम कांस्याच्या कड्याचे. जड काडतुसांसाठी पोलादी रिंग स्प्रिंग आणि कड्याच्या मध्ये बसवायची, हलक्यांसाठी ती स्प्रिंगच्या मागच्या टोकाला सरकवायची. हे न पाळल्यास किंवा मॅगझिनच्या नळीला तेल जास्त झाल्यास कड्याची पकड सुटते, खांद्याला जबर धक्का बसतो आणि लाकडी मुठीला तडे जातात. म्हणूनच ‘तेल म्हणजे काळजी’ हा समज या बंदुकीपुरता तरी खोटा आहे.

ब्राउनिंगचे पेटंट टाळण्यासाठी विंचेस्टरने १९११ च्या मॉडेलला बोल्टची मूठच दिली नाही. नळीवरच्या खरबरीत पट्ट्याला धरून नळी मागे ढकलावी लागे. ओलीने फुगलेले कागदी काडतूस अडकले की लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी तोंडाकडून दाबत, आणि त्यातून अपघात होऊन तिला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले.

त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा मिठासारखा अवशेष हवेतली ओल ओढून नळी गंजवी आणि तेलात विरघळत नसे, म्हणून नळी गरम पाण्याने धुण्याची रीत पडली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजवणाऱ्या टोप्या आल्यावर ती मागे पडली. मॅगझिनमधली जागा कमी करणारा लाकडी प्लग मात्र कायद्याचे अपत्य आहे: स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावू नयेत, असा अमेरिकी नियम १९३५ मध्ये झाला.

१९६३ च्या रेमिंग्टन ११०० ने धक्क्याऐवजी नळीतल्या वायूचा दाब वापरला. खांदा सुखावला, पण काजळी वाढली. नळीची भोके, पिस्टन आणि एक साधी रबरी ओ-रिंग यांवरच सारा कारभार आला. ती रिंग झिजली की बंदूक अडखळते. अनेक शिकारी म्हणूनच एक जादा रिंग खिशात बाळगतात.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आली. पोलादी छर्रे कठीण असल्याने ब्राउनिंग कंपनी ते जुन्या बेल्जियन नळ्यांत न वापरण्याचा सल्ला देते. त्यामुळे ज्यांना आजोबांची ऑटो-५ बदकांसाठी वापरायची आहे, ते पुढे जपानमध्ये बनलेली, बदलत्या चोकची (छर्‍यांचा फैलाव ठरवणाऱ्या तोंडाच्या आवळ्याची) नळी शोधून तिच्यावर चढवतात.